लग्नाला नेसायचं काय?

लग्नसराई सुरू झाली की आमच्या दाराच्या कडीत एकेक पत्रिका अडकवलेली दिसू लागते. हळदीकुंकवाचं बोट लावलेली ती पत्रिका हातात घेतली, की घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, आहेर काय न्यायचा? आणि दुसरा, नेसायचं काय? पहिला प्रश्न हल्ली पाकिटानं सोपा करून टाकला आहे. दुसरा मात्र आपला आपणच सोडवायचा असतो. कपाट उघडून उभं राहिलं तरी तो सुटत नाही. कपाट गच्च भरलेलं असतं आणि नेसायला काहीच नसतं!

यंदा हा प्रश्न माझ्यापुढे जरा अवघड होऊन आला. माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या अक्काच्या, लेकीचं लग्न लातूरला ठरलं. अक्काचं सासर सुखवस्तू. तिनं फोनवर तारीख सांगितली आणि त्याच दमात म्हणाली, "आणि हे बघ, सगळ्या मावश्या-आत्यांनी पैठणीच नेसायची असं ठरलंय. फोटोत एकसारखं शोभून दिसतं."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि मग हिशेब करीत बसले. मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. त्या तासांचे पैसे तेव्हा पाच महिन्यांपासून अडकलेले होते. पोरांच्या फीचा आकडा समोर होता. हातमागावरची अस्सल रेशमी पैठणी घ्यायची म्हणजे पाच आकडी रक्कम! शेजारच्या वैनी म्हणाल्या, "अहो, ओळखीच्या दुकानात हप्त्यानं देतात की." म्हणजे नेसायची एक दिवस आणि फेडायची वर्षभर. यंत्रमागावरची नकली पैठणी थोड्या पैशांत येते, पण सख्ख्या भाचीच्या लग्नात खोटं मिरवायला मन घेईना. दोन रात्री मला नीट झोप नव्हती. ह्यांना सांगितलं असतं तर हे कुठूनतरी उसने आणून देते झाले असते, म्हणून तेही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोरं शाळेत गेल्यावर मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

पेटीत काय निघालं?

सर्वांत वर सासूबाईंचं इरकली लुगडं. हिरवं अंग, लाल काठ, आणि पांढऱ्या नक्षीचा तो ठसठशीत लाल पदर. दोन्ही टोकांनी ते धडधाकट होतं, पण मधोमध काष्ट्याला घासून घासून इतकं विरलं होतं, की उजेडात धरलं तर पलीकडची खिडकी दिसावी.

त्याखाली खण. ओटीत आलेले, वर्षानुवर्षं साठलेले आठ-नऊ खण. तुमच्याही पेटीत असतील. कुणी ओटी भरली की आपण खण डोळ्यांना लावतो, पेटीत टाकतो आणि विसरून जातो.

आणि तळाशी आईची पैठणी. आई गेली तेव्हा पाटल्या अक्काकडे गेल्या आणि पैठणी माझ्याकडे आली. रामा रंगाची, नारळी काठाची. अकरा वर्षं मी ती जपून ठेवली होती. जपून म्हणजे काय, तर त्याच घडीत, डांबरगोळ्या घालून, बंद पिशवीत! उघडली तर प्रत्येक घडीवर रेशीम उभं चिरलेलं. जिथं गोळी टेकली होती तिथं जर काळी पडलेली. काठ तेवढे शाबूत होते.

मैत्रिणींनो, मी तिथंच बसून रडले. आईची एकच वस्तू माझ्या वाट्याला आली होती आणि ती मी हलगर्जीपणानं घालवली होती. अक्काला हे कुठल्या तोंडानं सांगणार?

ही जोडी जुनीच आहे

रडणं आटोपल्यावर इरकल आणि खण शेजारीशेजारी ठेवले आणि मनात आलं, यांचं तर आधीपासूनच जमलेलं आहे. इरकल येते इलकल गावाहून आणि खण येतो गुळेदगुड्डहून. दोन्ही गावं आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहेत. १९९७ पर्यंत ती विजापूर जिल्ह्यात होती आणि १९५६ पूर्वी तर मुंबई राज्यात. विणकर शेजारी, बाजार एकच, तेव्हा इरकली लुगड्यावर खणाची चोळी ही जोडी आपल्या आज्या-पणज्यांनीच जमवलेली. आपण फक्त ती मोडली.

इरकलीची आणखी एक गंमत आहे. जुन्या पद्धतीच्या इरकलीचं अंग सुती असतं आणि पदर रेशमी. दोन वेगळ्या जातींचे ताणे मागावरच एकमेकांत फासे अडकवून जोडतात. तिकडे त्याला 'टोपे-तेनी' म्हणतात. तुमच्या इरकलीचा पदर जिथं सुरू होतो तिथं बोट फिरवून बघा, तो सांधा हाताला लागतो. म्हणजे जोड ही या कापडाच्या जन्मातच आहे. या एका गोष्टीनं मला पुष्कळ धीर आला.

तेवढ्यात सासूबाई गुडघे धरत धरत आत आल्या. "काय करायलीस गं पेटी काढून?"

मी खरं काय ते सांगून टाकलं. पैठणीचं, पगाराचं, सगळंच. त्या खाटेवर बसल्या, लुगड्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मग काप की. पेटीत ठिवून काय करू मी? आता काय मला नऊवारी आवरतंय व्हय?"

"आत्याबाई, तुमचं चांगलं लुगडं आहे हो."

"चांगलं हाय म्हणूनच म्हणायले," त्या म्हणाल्या. "फाटकं असतं तर पोतेरं केलं असतं."

लुगड्याची सहावारी

आता कृती सांगते. घाई न करता वाचा, कारण कापड एकदा कापलं की परत येत नाही.

नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर भरतं. सहावारीला साडेपाच मीटर पुरतात. म्हणजे पावणेतीन मीटर काढून टाकायला आपल्याला वाव आहे, आणि झिजलेला भाग बहुतेक मधलाच असतो. मी पदराच्या टोकाकडून पावणेचार मीटर ठेवले, दुसऱ्या टोकाकडून पावणेदोन मीटर ठेवले, आणि मधलं पावणेतीन मीटर काढलं.

ही मापं डोळे मिटून घेऊ नका. जोड कुठं येते ते आधी बघा. सहावारीत पहिली फेरी सुमारे मीटरभर जाते, मग निऱ्या सुरू होतात. जोड निरीच्या आतल्या घडीत पडली पाहिजे. त्यासाठी लुगड्याचा मधला भाग दुमडून, टाचण्या लावून, एकदा नेसून बघा. निऱ्या घाला आणि आतल्या घडीवर खडूनं खूण करा. प्रत्येकीची कंबर वेगळी, तेव्हा खूणही वेगळी.

शिवण अशी घाला. दोन्ही तुकड्यांच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून कडेपासून पाव इंचावर एक टीप. मग कापड उलटवून सुलट बाजू आत घ्या आणि दुसरी टीप अशी मारा, की पहिल्या शिवणीचे सुटे धागे आतच बंद होतील. टीप घालण्याआधी हातानं कच्चा दोरा घाला, आणि तो काठाकडून आत घाला. काठाला काठ बरोबर मिळाला तर मधलं कापड आपोआप बसतं. मधून सुरुवात केलीत तर शेवटी काठ अर्धा बोट वरखाली होतो आणि जोड ओरडून सांगते की मी इथं आहे!

काढलेल्या पावणेतीन मीटरमधलं विरलेलं तेवढं टाकून दिलं. उरलेल्याचा एक बटवा झाला आणि दोन उशांचे अभ्रे.

खणाचा ब्लाऊज आणि आईचा काठ

पूर्वीच्या चोळीला एक खण पुरायचा. आपल्या ब्लाऊजला, अस्तर आणि बाह्या धरून, एक पुरत नाही. मग दोन जोडा, आणि एकसारखे मिळत नसतील तर मुद्दाम वेगळे घ्या. मी पुढचा भाग आणि बाह्या डाळिंबी खणाच्या केल्या, पाठ जांभळ्या खणाची. अट एवढीच, की दोन्ही खणांचं वजन सारखं हवं. जुना सुती-रेशमी खण आणि हल्लीचा यंत्रमागावरचा कृत्रिम रेशमाचा खण एकत्र शिवलात, तर धुतल्यावर एक आटतो, दुसरा आटत नाही, आणि खांद्याला चुण्या पडतात.

अस्तर सुतीच घ्या. मी उदगीरच्या खादीचा तुकडा वापरला. उदगीरला राष्ट्रध्वजासाठीही खादी विणली जाते. आमच्या भागातल्या हातांचा तेवढाच मान! अस्तर मात्र कापण्याआधी एकदा भिजवून, वाळवून घ्या.

बाहीच्या कडेला दोन बोटं रुंद पट्टी लावली ती आईच्या पैठणीच्या काठाची. अक्कानं पैठणी नेसायला सांगितली होती ना? मग दोन बोटं का होईना, पैठणी झाली. आणि तीही अस्सल! पैठणीचा काठ अंगाच्या रेशमात धागे अडकवून विणलेला असतो. तो अगदी कडेला कापला तर उसवत जातो. म्हणून अंगाचं अर्धा इंच कापड काठाबरोबर ठेवा आणि ते आत दुमडा. जुन्या रेशमावर पॉलिएस्टरचा दोरा वापरू नका. दोरा कापडापेक्षा मजबूत निघाला तर कापडच कापतो. सुती दोरा, बारीक सुई, आणि टीप जरा लांब.

हे शहाणपण मला सुरुवातीला नव्हतं, हेही सांगते. आधी मी सगळं कापड बाजारातल्या एका शिंप्याकडे नेलं होतं. तो म्हणाला, "बाई, जुनं कापड हाय, फाटलं तर माझी जबाबदारी नाही." तेव्हा घरच्या पायमशीनवर बसले. पहिल्याच दिवशी जांभळा खण आणि पांढरं अस्तर एका बादलीत भिजवलं आणि अस्तर जांभळं झालं. बादलीत मूठभर मीठ घातलं होतं, पण कच्चा रंग मिठानं पक्का होत नाही, हे त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी काठाची पट्टी इतकी ताणून शिवली, की बाही आखडली. ती उसवताना चार बोटं काठ फाटला. आईचा काठ! त्यापुढची प्रत्येक टीप मी आधी कच्च्या दोऱ्यानंच घातली.

जोडाची लाज

सगळं होत आलं तरी मनातून लाज जात नव्हती. आपल्याकडे जोडलेलं म्हणजे ठिगळ, आणि ठिगळ म्हणजे गरिबी. लग्नाच्या मांडवात आपण ठिगळ लावून जायचं?

त्याच आठवड्यात माझी बी.ए.ची मैत्रीण नांदेडला माहेरी आली होती. तिचे यजमान नोकरीनिमित्त नायजेरियात लागोसला असतात. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती हसायलाच लागली. "अगं, तुझ्या अक्कानं जे केलंय ना, ते आमच्याकडे प्रत्येक लग्नात असतं."

तिकडच्या योरुबा लोकांत लग्नघरचे लोक एक कापड ठरवतात आणि नातलगांनी, मैत्रिणींनी तेच कापड घेऊन कपडे शिवायचे असतात. मुलीकडच्यांचा रंग एक, मुलाकडच्यांचा दुसरा. त्याला 'असो-एबी' म्हणतात, म्हणजे कुटुंबाचं कापड. हौसही तीच आणि कुरकुरही तीच. एकापाठोपाठ एक लग्नं आली, की तिथल्या बायकांच्याही पोटात गोळा येतो. त्यांचं मानाचं कापड 'असो-ओके'. ते हातमागावर अगदी अरुंद विणतात, वीतभरही रुंद नसलेल्या लांबच लांब पट्ट्या. मग त्या पट्ट्या कडेला कड लावून शिवतात आणि त्यातून नेसायचं वस्त्र, डोक्याचं बांधणं, खांद्यावरचा शेला असं सगळं होतं. म्हणजे लग्नातलं सर्वांत मानाचं कापड जोडूनच झालेलं!

तिनं आणखी एक सांगितलं ते मला फार आवडलं. नायजर नदीच्या मुखाशी कालाबारी नावाचे लोक राहतात. आपल्या मद्रासकडचं चौकड्यांचं हातमागाचं कापड पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे जात आलं आहे. त्यांच्या बायका त्या कापडातले निवडक धागे पात्यानं कापून ओढून काढतात आणि त्यातून स्वतःची नक्षी उठवतात. आपलं कापड, त्यांनी कापलं आणि ते त्यांचं झालं. सणासमारंभाला ते अभिमानानं नेसतात.

फोन ठेवल्यावर मी इरकलीच्या पदराच्या सांध्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग तोच फोन उचलून अक्काला लावला. जे दोन आठवडे जमलं नव्हतं ते सरळ सांगून टाकलं.

"अक्का, पैठणी घेणं मला जमणार नाही. पगार अडकलाय."

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "मला सांगायचंस ना. मी दिली असती तुला एक."

"म्हणूनच सांगितलं नाही."

"मग नेसणार काय?"

"इरकल."

"लग्नात?" तिचा सूर मला कळला. "बघ बाई तुझं तू," म्हणून तिनं फोन ठेवला. आईच्या पैठणीचं तेव्हाही माझ्यानं बोलवलं नाही.

तुमच्या पेटीत इरकल नसेल तर

आपल्या भागात कापडाला तोटा नाही. मुखेड, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद), नारायणपेठ आणि पोचमपल्ली ही सगळी ठिकाणं १९४८ पर्यंत एकाच हैदराबाद संस्थानात होती. म्हणून आपल्या आज्यांच्या पेट्यांत या सगळ्या ठिकाणची कापडं सापडतात. काही जोड्या सुचवते.

नारायणपेठीचं अंग साधं किंवा बारीक चौकड्यांचं आणि काठ रुंद असतो. तिच्यावर बारीक बुट्टीचा खण शोभतो. काठातला सर्वांत बारीक रंग निवडा आणि ब्लाऊज त्या रंगाचा करा.

पोचमपल्लीचं सूत विणण्याआधीच बांधून रंगवतात, त्यामुळे नक्षीच्या कडा पाण्यात हलल्यासारख्या दिसतात. हिच्याबरोबर दुसरी नक्षी नको. साधा एकरंगी ब्लाऊज, फार तर जरीची एक पट्टी.

हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम यांचं दाट नक्षीचं कापड, एके काळी किनखाबाची बरोबरी करायला विणलेलं. जुनी हिमरू शाल फाटली असेल तर तिचा ब्लाऊज करण्याच्या फंदात पडू नका. मागच्या बाजूला सुटे धागे असतात, ते हुकात आणि बांगडीत अडकतात. तिचा अस्तर लावून बटवा करा, नाहीतर छोट्या पोराला जाकीट.

बंजारा भरतकाम तर आमच्या तालुक्यातल्या तांड्यांवर आजही म्हाताऱ्या बायांच्या हातात आहे. आरसे, कवड्या आणि रंगीत टाके. साध्या खादीच्या साडीवर अशा कामाची बाही फार खुलते. पण जुना फेटिया किंवा काचळी कापून काढलेले तुकडे विकत घेऊ नका. ते कुणाच्या तरी आजीचं लग्नातलं लेणं असतं. एखाद्या बाईकडून नवी पट्टी करून घ्या, ती सांगेल ती मजुरी द्या आणि घासाघीस करू नका. आपल्या शिकवण्याचे पैसे अडकले की आपल्याला कसं वाटतं, ते आठवा.

एवढं लक्षात ठेवा

१. धडधाकट पैठणी किंवा शालू कधीही कापू नका. एखादं भोक असेल तर रफू करून घ्या. कात्री लावायची ती निकामी झालेल्यालाच.

२. कापण्याआधी कापड उजेडात धरा आणि दोन्ही हातांनी हलकेच ताणा. धागे सरकले तर ते ब्लाऊजला चालणार नाही.

३. रंग कच्चा की पक्का हे बघायला ओलं पांढरं फडकं आतल्या बाजूला दाबून ठेवा. डाग उतरला तर ते कापड कायम वेगळं, गार पाण्यात धुवा.

४. तीन कापडं जोडायची असतील तर बोलकं एकच ठेवा. बाकी दोघांनी ऐकायचं.

५. जर असलेलं कापड उलट बाजूनं, वर सुती फडकं ठेवून, मध्यम आचेवर इस्त्री करा.

६. रेशीम जुन्या मऊ मलमलीत गुंडाळून ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका. हे मी अकरा वर्षं आधी वाचलं असतं तर!

माझा एकूण खर्च झाला २९० रुपये. खादीचं अस्तर (दोनदा घ्यावं लागलं!), फॉल, दोरा आणि हूक. मेहनत धरलेली नाही, ती आपण कधीच धरत नाही.

आणि लग्न?

मुहूर्त भर दुपारचा. एप्रिलचं ऊन, कार्यालयावर पत्रे. सगळ्या पैठण्या घामानं भिजल्या होत्या आणि माझी सुती अंगाची इरकल तेवढी सुखात होती. तरी खोटं कशाला सांगू, मांडवात शिरताना छातीत धडधडत होतं. फोटोच्या वेळी अक्कानं मला मागच्या रांगेत उभं केलं. मला लागलं ते. पण मी काही बोलले नाही. तिचा दिवस होता.

संध्याकाळी पाठवणी झाली. अक्का माझी ओटी भरायला आली. तांदूळ घालता घालता तिचा हात माझ्या बाहीवर आला आणि तिथंच थांबला. तिनं ती दोन बोटांची पट्टी उजेडाकडे वळवली.

"ही आईची ना?"

"हो. बाकीची चिरली, अक्का. घडीवर. मीच नीट ठेवली नाही." अखेर सांगून टाकलं.

मला वाटलं होतं ती रागावेल. लेकीला पाठवून रडून रडून तिचे डोळे आधीच सुजले होते. ती बाही धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "उरलीय का थोडी?"

"आहे. हातभर काठ आहे."

"मला ठेव. फेकू नको काही." आणि माझ्या ओटीत तिनं खण घातला. तोही मी जपून आणला आहे, पेटीत विसरण्यासाठी नव्हे.

तर मैत्रिणींनो, पुढची पत्रिका आली की दुकानात जाण्याआधी एकदा पेटी उघडा. तुमच्या पेटीत काय निघालं आणि कशाला काय जोडलंत, ते मला जरूर कळवा.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सासूबाई जाग्याच होत्या. मी लाडवाची पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बाजूला ठेवली.

"कुणी वळखलं का गं लुगडं?"

"नाही आत्याबाई. उलट दोघी-तिघींनी विचारलं, नवीन कुठून घेतली म्हणून."

"नवीन!" त्या मनापासून हसल्या. मग पदर हातात घेऊन चाचपला आणि म्हणाल्या, "उद्या गार पाण्यातून काढ. अन् सावलीत वाळव. उन्हात घातलीस तर काठ उडंल."